इग्लूलिकची जिवाणी

इग्लूलिकमध्ये जैन माणूस काय खाईल?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण मी तो मनापासून विचारते आहे. इग्लूलिक हे कॅनडाच्या पार उत्तरेला, नुनावुतमधल्या एका लहानशा बेटावरचं गाव. अक्षांश ६९ च्या वर. झाड नाही, नांगरायला माती नाही, वर्षातले बहुतेक महिने समुद्रसुद्धा गोठलेला. नोव्हेंबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य तिथं जानेवारीच्या मध्याला परत दिसतो. आम्ही दिगंबर जैन. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. आमच्या घरी सूर्यास्तानंतर चूल पेटत नसे, कंदमुळं उंबऱ्याच्या आत येत नसत, गाळल्याशिवाय पाणी तोंडाला लागत नसे. हे नियम बर्फावर नेऊन ठेवले तर पहिल्याच नियमाची पंचाईत होते. सूर्य असेपर्यंतच जेवायचं म्हटलं तर हिवाळ्यात सहा-सात आठवडे कडकडीत उपास, आणि उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही म्हणून रात्री दोनलाही ताट वाढायला हरकत नाही.

आज तिथं दुकान आहे, विमानानं तांदूळ येतो, महाग का असेना. तेव्हा आजचं उत्तर सोपं आहे. मी विचारते आहे ते शंभर वर्षांपूर्वीचं, दुकान नव्हतं तेव्हाचं.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं कसं, तेही सांगते. यजमानांच्या बँकेतल्या बदलीनं आम्ही म्हैसूरला आलो आणि इथलेच झालो. आमचं घर गोकुलममध्ये. पट्टाभी जोइस यांची योगशाळा २००२ साली लक्ष्मीपुरमहून गोकुलमला आली आणि बघता बघता इथल्या घराघरावर भाड्याच्या खोल्या चढल्या. आमच्याही वर दोन आहेत. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे इकडची माणसं हिवाळ्यात येतात, पहाटे चारला अंगणाचं फाटक वाजवत योगाला जातात आणि नारळपाणी पीत परततात. त्यातली एक पोरगी फिनलंडच्या अगदी उत्तरेची, इनारीकडची, सामी समाजातली. वडील रेनडिअर पाळतात. म्हैसुरात ती मांसाला शिवत नसे. माझ्या हातची शेंगदाण्याची चटणी भाकरीबरोबर खायची. एकदा पायरीवर बसून तिनं विचारलं, "आंटी, आम्हाला शिकवतात की पतंजलींच्या यमांमध्ये अहिंसा पहिली. मग माझे वडील पहिल्याच पायरीवर नापास का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. गोम्मटेश्वर बाहुबलींच्या मुलखात राहून अहिंसेवर घाईनं बोलू नये. श्रवणबेळगोळ इथून दोन-अडीच तासांवर. दहाव्या शतकाच्या अखेरीस चामुंडरायानं घडवलेली ती सत्तावन्न फुटी मूर्ती, आणि तिच्या पायथ्याशी आपल्या मराठीतला कोरीव लेख. मराठी माणूस तो लेख बघायला जातो, फोटो काढतो. माझी नजर मात्र दर वेळी मांड्यांवर चढलेल्या वेलींवर आणि पायाजवळच्या वारुळांवर जाते. हा माणूस इतका निश्चल उभा राहिला की मुंग्यांनी त्याला जमीन समजावं. अहिंसेचं याहून टोकाचं चित्र मला ठाऊक नाही. पण वेल चढायला वेल उगवावी लागते. उघड्या अंगानं उभं राहायला हवाही तशी लागते. इनारीच्या जानेवारीत बाहुबली किती वेळ उभे राहिले असते, हा प्रश्न मनात आला आणि मीच दचकले.

पोरीनं जाताना मला उत्तरेकडच्या मुलखांवरच्या चित्रपटांची यादी दिली. मोठ्या कंपन्यांचे नव्हेत, आपापल्या हिमतीवर काढलेले. सिनेमातलं मला कळतं असा दावा नाही, पण दुपारी यजमान झोपले की मी ते एकेक करून बघितले.

पहिला अर्थात 'नॅनूक ऑफ द नॉर्थ', १९२२ चा, रॉबर्ट फ्लाहर्टीचा. माहितीपटांचा मूळपुरुष म्हणतात त्याला. पैसा पुरवला रेव्हियाँ फ्रेर या फरच्या व्यापारी कंपनीनं, म्हणजे ज्यांना कातडी हवी होती त्यांनीच. नॅनूक झालेल्या माणसाचं खरं नाव अलाकारिआलाक. घरात बंदूक असून त्याच्या हाती भाला दिला, आणि आत उजेड यावा म्हणून इग्लू अर्धाच बांधला. या बनावाबद्दल पुढं पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्याचं एवढं वाटलं नाही, आपल्याकडच्या संतपटांत काय कमी बनाव असतो! मला खटकलं ते निराळं. त्यात शिकार ही झुंज आहे. दोरी ओढली जाते, माणूस घसरतो, उठतो, शेवटी प्राणी वर येतो आणि बघणाऱ्याला हायसं वाटतं. मारल्यानंतर त्या जिवाचं देणं काही उरतं का, याची वास्तपुस्त नाही. दक्षिणेकडून उत्तरेत गेलेल्या बहुतेक साहसपटांचं हेच. थंडी जिंकायची, अस्वल जिंकायचं, भूक जिंकायची. सैबेरियातल्या बाख्ता गावच्या फासेपारध्यांवरचा 'हॅपी पीपल' त्या मानानं पुष्कळच शहाणा. द्मित्री वास्युकोव्हच्या लांबलचक चित्रणातून वर्नर हरझॉगनं तो २०१० साली बेतला. त्यातला म्हातारा फासेपारधी हावरटपणाबद्दल जे तोंडावर बोलतो ते आमच्या मुनिमहाराजांच्या प्रवचनात शोभलं असतं. पण तिथंही शेवटी बाहेरचाच माणूस आपल्याला समजावून सांगत असतो.

खरा दरवाजा उघडला तो झकारायस कुनुकच्या चित्रपटांनी. हा इग्लूलिकचाच माणूस, दगडात मूर्ती कोरणारा. १९८१ मध्ये माँट्रियलला जाऊन त्यानं आपलं कोरीवकाम विकलं आणि त्या पैशात व्हिडिओ कॅमेरा घेतला. त्याआधी १९७० च्या दशकात या गावानं दूरदर्शन दोनदा मत घेऊन नाकारलं होतं, कारण त्यात त्यांच्या भाषेतलं काहीच नव्हतं. आपल्यापैकी कुठल्या गावाला हे सुचलं? पुढं कुनुक, नॉर्मन कोन, पॉल अपाक आणि गावातली इतर माणसं मिळून 'इसुमा' ही संस्था उभी राहिली. २००१ साली त्यांच्या 'अटानारजुआट'ला कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा कॅमेरा द'ऑर मिळाला. बर्फावरून नागडा धावत सुटलेला माणूस ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. मला त्याच्या शेवटाबद्दल सांगायचं आहे. मूळ दंतकथेत नायक परत येतो आणि भावाच्या मारेकऱ्यांना मारतो. चित्रपटात तो त्यांना लोळवतो, हत्यार उगारतो आणि मारत नाही. खुनांची साखळी इथं थांबली म्हणून सांगतो, आणि गावची म्हातारी अपराध्यांना गाव सोडायला लावते. ज्या लोकांचं रोजचं जेवण रक्ताशिवाय होत नाही त्यांनी आपली पिढीजात कथा हिंसेपासून वळवून घेतली. आमच्याकडं भरत आणि बाहुबलीच्या युद्धात बाहुबलीचा उगारलेला हात थांबतो तो प्रसंग शाळेतल्या पोरालाही माहीत असतो. इग्लूलिकच्या पोरांनाही आता त्यांचा माहीत आहे.

माझा मुक्काम पडला तो मात्र त्यापुढच्या चित्रपटावर. 'द जर्नल्स ऑफ क्नुड रासमुसेन', २००६ चा, कुनुक आणि कोन दोघांचा. रासमुसेन हा ग्रीनलंडमध्ये १८७९ साली जन्मलेला संशोधक. आजोळकडून त्याच्यात इनुइट रक्त होतं आणि भाषा लहानपणीच तोंडात बसलेली, त्यामुळे दुभाष्याची गरज नव्हती. १९२१ ते २४ या काळात तो आपल्या पाचव्या थुले मोहिमेवर होता. या मुलखात त्याला अव्वा नावाचा शामान भेटला. आपल्याकडचा देवऋषी म्हणा, पण देवऋषीहून त्याच्यावर जबाबदारी मोठी.

रासमुसेननं त्याला वारंवार विचारलं, तुमचे हे नियम कशासाठी? अव्वानं त्याला घराबाहेर नेलं. बाहेर वादळ, आणि दिवसभर सीलच्या भोकापाशी उभे राहून रिकाम्या हातानं परतणारे लोक. हे असं का, ते तू सांग. मग एका घरात नेलं. दिव्याला चरबी कमी म्हणून वात बारीक केलेली, मुलं कातड्याखाली कुडकुडत बसलेली. का? मग आजारी बहिणीपाशी नेलं. हिनं कुणाचं काय वाईट केलं? रासमुसेनपाशी उत्तर नव्हतं. तेव्हा अव्वाचं म्हणणं असं की तुला तुझ्या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत तशी मला माझ्या नियमांची देता येत नाहीत. आम्ही श्रद्धा वगैरे ठेवत नाही, आम्ही भितो.

आणि त्याच मुलखात रासमुसेननं एका जाणत्याकडून ऐकून लिहून ठेवलेली गोष्ट अशी की जगण्यातला सगळ्यात मोठा धोका म्हणजे माणसाचं अन्न हे सगळंच्या सगळं जिवांचं बनलेलं आहे. मांसाचं असं तो म्हणत नाही, आत्म्यांचं म्हणतो. जनावर मेलं तरी त्याचा आत्मा मरत नाही, तो पाहत असतो, आणि त्याचा मान ठेवला नाही तर तो सूड घेतो.

हे वाचून मी रासमुसेनचं पुस्तक मिटलं आणि गच्चीवर जाऊन बसले. आमच्या धर्मातला माणूस हे वाक्य जसंच्या तसं बोलू शकला असता. आपलं सारं अन्न जिवांचं आहे हे आम्ही लहानपणीच शिकतो. गहू एकेंद्रिय, अळी द्वींद्रिय, मुंगी त्रींद्रिय, माशी चतुरिंद्रिय, गाय आणि माणूस पंचेंद्रिय. तिथवर अव्वाचं आणि माझ्या आईचं एकमत आहे. फरक पुढं पडतो. आम्ही त्या जिवांची इंद्रियं मोजली आणि कमी इंद्रियांचे खायचे ठरवले. अव्वाला ती निवडच नव्हती. त्याच्या ताटात येणारं प्रत्येक जनावर, सील, वॉलरस, कॅरिबू, पंचेंद्रियच. (लोकमान्यांनी १९०३ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात वैदिक आर्यांना ध्रुवप्रदेशात नेऊन ठेवलं, तिथली लांबलचक उषा ऋचांमध्ये शोधली, आणि तेव्हा तिथली हवा सौम्य होती असं मानून जेवणाचा प्रश्न परस्पर मिटवला. अव्वाला ती सोय नव्हती.)

आमच्या पुराणात सांगतात, आधी भोगभूमी होती, कल्पवृक्ष मागेल ते देत. मग वृक्ष आटले, माणसं भुकेनं घाबरली, आणि बाहुबलींचे वडील ऋषभदेव यांनी त्यांना असि, मसि, कृषी अशी सहा कर्मं शिकवली. नांगराची परवानगी आम्हाला थेट पहिल्या तीर्थंकरांकडून आहे. इग्लूलिकला ऋषभदेव गेले असते तर त्यांनी काय शिकवलं असतं? माझं प्रामाणिक मत, हार्पून.

आता नांगराचं बोलले आहे तर माहेरचंही सांगते. आमचा ऊस. साखर कारखान्याला ऊस गेला की रानात पाचट उरतं. आता ते कुजवा म्हणून सांगतात, पण माझ्या लहानपणी सरसकट पेटवायचे. संध्याकाळी वारा पडला की दादा चारी बाजूंनी काडी लावत. आधी नुसता धूर, मग कडकड आवाज, मग बांधावर उभ्या असलेल्या आमच्या पायांशी उंदीर, सरडे, नाकतोडे धावत येत. काही येत, काही येत नसत. सकाळी राखेत बारीक बारीक काळं काय काय पडलेलं असे. दादा अत्यंत धार्मिक, अष्टमी-चतुर्दशी न चुकणारे. त्यांना यात काही खटकत नसे, कारण शास्त्रात गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार केलेले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून मारणं ते संकल्पी, ते सोडायचंच. चुलीपाशी, शेतात, धंद्यात, स्वसंरक्षणात होते ती सुटत नाही, म्हणून ती कमी करायची. पाचट उद्योगीत गेलं. वहीत खातं होतं, नोंद झाली, संपलं.

हे चार प्रकार मला आजही शहाणपणाचे वाटतात. त्यांच्याविना शेतकरी जैन राहूच शकला नसता, आणि आमच्याकडचे बहुतेक जैन शेतकरीच. पण अव्वाच्या शेजारी ती वही उघडली की एक रकाना रिकामा दिसतो. राखेतल्या त्या उंदरांना कुणी काही म्हटलं नाही. भादव्यात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीच्या दिवशी आम्ही एकमेकांना उत्तम क्षमा म्हणतो, हल्ली फोनवर. भावजयीला म्हणतो, शेजारणीला म्हणतो. उंदराला म्हणत नाही. प्रतिक्रमणाच्या पाठात एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळ्या जिवांची नावं घेऊन क्षमा मागितलेली आहे, हे खरं. पण तो पाठ आम्ही ज्या वेगानं म्हणतो त्या वेगात एखादा जीव ऐकायला थांबेल असं वाटत नाही.

इनुइटांमध्ये सर्वदूर चालत आलेली एक रीत आहे. सील मारून घरी आणला की त्याच्या तोंडात गोड्या पाण्याचे थेंब सोडायचे. बिचारा जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिला, तहानेला आहे. तहान भागली की त्याचा आत्मा समाधानानं परत जातो आणि पुन्हा याच घरी यायला नाही म्हणत नाही. यात स्वार्थ आहेच, तो ते लपवतही नाहीत.

हे वाचल्यावर मला आईची जिवाणी आठवली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. विहिरीचं पाणी दुहेरी जाड कापडातून गाळायचं. गाळल्यावर कापडावर डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. ते कापड झटकून टाकायचं नाही. ते उलटं धरून त्यावर गाळलेलं पाणी हळू सोडायचं आणि ते पाणी, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचं त्याच विहिरीत परत पोचवायचं. ओढ्यातलं विहिरीत नाही, विहिरीतलं हौदात नाही. वरून ओतायचंही नाही, आपटून मरतील. म्हणून आईच्या त्या बादलीला तळालाही कडी होती. दोरानं ती खाली सोडली, पाण्याला टेकली, की दोराला हिसका द्यायचा. बादली उलटते आणि जीव अलगद पाण्यात. हा हिसका मला जमायचा नाही, बादली आडवी होऊन अर्धी वाटेतच सांडायची. आई म्हणायची, "वर उभं राहून टाकू नगंस गं, त्येंच्या दारात सोडून यायचं."

नळ आले आणि जिवाणी गेली. म्हैसुरात माझ्या नळाला गाळणं बांधलेलं आहे, पण ते झटकून मी काय करते ते विचारू नका. नदीचं पाणी परत नदीत कोण पोचवणार? आज आमच्या अहिंसेत काय खाऊ नये याची यादी जशीच्या तशी उरली आहे, लांबतेही आहे. परत पोचवण्याचा भाग तेवढा गळाला. आणि मला तरी सीलच्या तोंडातले ते थेंब जिवाणीच्या सख्ख्या नात्यातले वाटतात. आपण ज्याच्यामुळे जगतो त्याला दारापर्यंत सोडून यायचं.

बाकीही साम्य कमी नाही. आमच्यात कच्चं दही आणि डाळ एकत्र चालत नाही, द्विदलाचा दोष लागतो. त्यांच्यात कॅरिबू आणि वॉलरस, म्हणजे जमिनीवरचं आणि समुद्रातलं, एकत्र करायचं नाही. नियम मोडला की समुद्राच्या तळाशी बसलेल्या आईच्या केसांत माणसांचं पाप घाण होऊन गुंतत जातं, ती रागावते, जनावरं आवरून धरते. सील, वॉलरस हे तिच्याच तुटलेल्या बोटांपासून झालेले. मग शामान खाली जातो आणि तिचे केस विंचरतो. बोटं नसल्यामुळे तिला स्वतःला विंचरता येत नाही. ही कल्पना जिला सुचली ती नक्की बाई असणार.

चित्रपटात पुढं काय होतं? अव्वाचं कुटुंब उपाशीपोटी इग्लूलिककडे निघतं. तिथं उमिक नावाच्या माणसानं नवा धर्म सुरू केलेला आहे, येशूचा. त्याच्या लोकांकडे मांस भरपूर. पण जो त्यांच्यात येईल त्यालाच मिळेल. आणि यायचं कसं, तर आजवर जे अवयव खायला बंदी होती ते सगळ्यांनी मिळून खायचे. ते खाल्ले की जुने नियम संपले, जुनी भीतीही संपली. धर्मांतराचा हा विधी त्या भागात खरोखर होत असे. एकेकजण जातो. शेवटी अव्वाही. त्याआधी तो आपल्या साहाय्यक आत्म्यांना निरोप देतो. चित्रपटात ते माणसांच्याच रूपात आहेत, कातड्याचे कपडे घातलेले. तो त्यांना जा म्हणतो. ते जात नाहीत, रडतात. तो पुन्हा जा म्हणतो. मग ते बर्फावरून रडत चालू लागतात आणि कॅमेरा त्यांना दूर जाताना बघत राहतो, बराच वेळ. कुनुकनं कुणाला खलनायक केलेलं नाही. नव्या धर्मात गाणी आहेत, सुटका आहे, मुलांचं पोट भरतं आहे. गेलं ते काय, हे त्या रडण्यावरून आपण ओळखायचं. माझ्या मते गेली ती सीलची तहान. भीती गेली तसं त्याला पाणी पाजायचं कारणही गेलं.

इथं आमचा कडवा माणूस मला अडवील, आणि त्याचा मुद्दा कच्चा नाही. तो म्हणेल, जगायचंच कशाला? व्रत पाळून जगता येत नसेल तर आहार सोडावा, ही वाट शास्त्रानं दाखवली आहे. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर सल्लेखना घेतलेल्यांचे लेखच लेख आहेत. आणि फार मागं जायला नको. निपाणीजवळच्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज, आमच्या भागातले. दृष्टी अधू झाली, चालताना पायाखालचा जीव दिसेना, म्हणून १९५५ साली कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली आणि त्या सप्टेंबरात देह ठेवला. आजी सांगायची ते मी ऐकलेलं आहे आणि त्या माणसापुढं मी आजही हात जोडते. मुंगी दिसत नाही म्हणून जेवण सोडणारा माणूस अहिंसेची हद्द कुठवर जाते ते दाखवून गेला.

पण ते मुनी होते. त्यांनी ती वाट मागून घेतली होती, आयुष्य त्यासाठी तासलं होतं. कातड्याखाली कुडकुडणाऱ्या पोरानं काही मागून घेतलेलं नाही. एका माणसाच्या सल्लेखनेला आपण नमस्कार करतो. तीच वाट सगळ्या गावाला, तान्ह्या मुलांसकट सांगायची म्हटलं तर तिला मी दुसरंच नाव देईन, आणि ते नाव हिंसाच.

हे मी पदरचं बोलत नाही. आमच्या कथाकोशात मृगसेन धीवराची गोष्ट आहे. धीवर म्हणजे कोळी. मुनींचा उपदेश ऐकून तो व्रत मागतो. मुनी त्याला जाळं टाकून दे असं सांगत नाहीत. सांगतात, जाळ्यात पहिला येईल तो मासा सोडून दे. तो मासा सोडतो, ओळखू यावा म्हणून त्याला चिंधी बांधतो. पुन्हा जाळं टाकतो, तोच मासा. पुन्हा सोडतो, पुन्हा तोच. असं होत होत तो रिकाम्या हातानं घरी जातो आणि बायको दार लावून घेते. रात्री उघड्यावर साप चावून मरतो, पण त्या एका माशाच्या पुण्याईनं पुढच्या जन्मी पाच संकटांतून वाचतो. खदिरसार भिल्लाचीही अशीच कथा: शिकारीवर जगणाऱ्याला मुनींनी फक्त कावळ्याचं मांस सोडायला सांगितलं. हजार-बाराशे वर्षांपूर्वी आमच्या गुरूंना कळत होतं की व्रत हे घेणाऱ्याच्या मापाचं शिवायचं असतं. कोळ्याला कोळ्याचं, मुनीला मुनीचं. अव्वाच्या गावी जैन मुनी पोचले असते तर त्यांनी बहुधा सीलला पाणी पाजायचं व्रत दिलं असतं, आणि गाव म्हणालं असतं, महाराज, ते तर आम्ही पाळतोच.

हे शहाणपण आजच्या दयाळू जगापाशी नाही. अलेथिया अर्नाकुक-बॅरिल या इनुइट बाईचा 'अँग्री इनुक' (२०१६) बघा. १९८३ मध्ये युरोपनं सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यावर बंदी घातली, २००९ मध्ये सीलच्या सगळ्याच मालावर. इनुइटांना कागदावर सवलत दिली, पण बाजारच उठला, कातड्याला भाव राहिला नाही. कातडं विकून बंदुकीच्या गोळ्या आणि पेट्रोल घेणारा शिकारी घरी बसला. प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत गेलं. २०१४ मध्ये तिथं सार्वजनिक नीतीच्या नावावर बंदी मूलतः मान्य झाली. नीती कुणाची? ज्यांच्याकडे गाई-डुकरांचे कत्तलखाने चोवीस तास चालतात त्यांची. डोळे मोठे आणि अंग पांढरंशुभ्र म्हणून सीलची दया आली. आमचं इंद्रियांचं गणित निदान डुकरालाही पाचच देतं.

तर त्या पोरीला मी काय सांगितलं? पुढच्या हिवाळ्यात ती परत आली तेव्हा मी विचारलं, तुझे वडील रेनडिअर मारतात तेव्हा काय करतात? ती म्हणाली, काही वाया जाऊ देत नाहीत. रक्त, आतडी, शिंगं, पायाची कातडी, सगळं वापरतात, आणि कळपातलं कोणतं मारायचं ते ठरवायला त्यांना फार वेळ लागतो. मी म्हटलं, मग ते नापास नाहीत. त्यांच्या इयत्तेचा पेपर वेगळा आहे आणि तो ते लिहिताहेत. तुझा पेपर इथं म्हैसुरात आहे. इथल्या देवराज मार्केटात बाराही महिने भाजी मिळते, तेव्हा तू मांस खाल्लंस तर मात्र मी तुला नापास करीन. ती हसली. मी हसले नाही, कारण मला ते खरंच म्हणायचं होतं. ज्याच्यापुढं निवड आहे त्याच्यावर व्रताचा भार जास्त. जिथं नांगर चालतो तिथल्या माणसानं सील मारणाऱ्याला अहिंसा शिकवू नये, आणि सील मारणाऱ्याचं नाव पुढं करून स्वतःची कोंबडीही खपवू नये. माझा शाकाहार यानं तसूभरही हललेला नाही. त्याची ऐट मात्र गेली.

इथल्या आमच्या लहानशा मराठी जैन मंडळाला मी पत्र दिलं आहे की यंदा क्षमावाणीच्या दिवशी रासमुसेनवरचा तो चित्रपट दाखवावा. कच्चं मांस खाण्याची दृश्यं आहेत, बायका-मुलांसमोर कसं दाखवायचं, असा दोघा-तिघांचा आक्षेप आहे. आक्षेप खोटा नाही, दृश्यं आहेत. इसुमाच्या संकेतस्थळावर त्यांचे पुष्कळ चित्रपट बघायला मिळतात. आक्षेप घेणाऱ्यांना माझी विनंती एवढीच की त्यांनी हा चित्रपट आधी घरी एकट्यानं शेवटपर्यंत पाहावा आणि मग नको म्हणावं.